अनामिक कोण? : एका ध्वनिमुद्रिका-सूचीचा अर्थ

सूची ही निरुपद्रवी वस्तू समजली जाते. ग्रंथपालाने ती करावी, दुकानदाराने भिंतीला टांगावी, गरजूने तीत बोट फिरवून हवे ते शोधावे, एवढेच तिचे काम, अशी आपली समजूत असते. परंतु कोणतीही सूची हा एक निवाडा असतो. कोणाची नोंद करायची, कोणत्या नावाने करायची आणि कोणाला 'इतर' या रकान्यात ढकलायचे, हे सूची करणाराच ठरवतो. गावच्या दप्तरात आपल्या पूर्वजांची नोंद कशी होत आली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको.

मी पदवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवतो. अभ्यासक्रमात काही जुनी इंग्रजी आणि स्कॉटिश कथागीते असतात. आपल्या पोवाड्याशी दुरून नाते सांगणारा हा प्रकार. पुस्तकात या गीतांखाली कवीच्या नावाच्या जागी 'अनामिक' असा शब्द छापलेला असतो. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, अनामिक म्हणजे ज्याला नाव नव्हते तो, की ज्याला कोणी नाव विचारले नाही तो?"

तास संपला, पण प्रश्न संपला नाही. माझी आजी जात्यावर बसली की ओवीमागून ओवी तिच्या तोंडून येई. वडील सांगतात, फार पूर्वी शहरातून एक अभ्यासक गावात आले होते. त्यांनी आमच्या दारात, म्हणजे घराच्या बाहेरच, खाटेवर बसून तिच्या ओव्या वहीत उतरवून घेतल्या. पुढे मी एम.ए.ला असताना त्यातल्या काही ओव्या एका संग्रहात मला सापडल्या. संग्राहकाचे नाव होते, प्रस्तावनाकाराचे होते, कागद पुरवणाऱ्याचे आभारही होते. ओव्यांखाली मात्र 'प्रचलित' एवढाच शब्द होता. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर झाले नव्हते, त्यामुळे तो संग्रह उघडून पाहणारेही कोणी नव्हते. 'प्रचलित' म्हणजे माझी आजी, हे मला त्या दिवशी कळले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका ब्रिटिश ध्वनिमुद्रिका-संस्थेची प्रकाशनसूची माझ्या वाचनात आली. संस्थेचे नाव टॉपिक रेकॉर्ड्स. बड्या कंपन्यांच्या बाहेर राहून तबकड्या काढणाऱ्या ब्रिटनमधील स्वतंत्र संस्थांत ती सर्वांत जुनी. 'अनामिक' या शब्दामागे दडलेली माणसे एक एक करून बाहेर कशी आली, आणि बाहेर येऊनही त्यांच्या पदरात काय पडले व काय पडले नाही, हे या सूचीतून स्पष्ट दिसते. तेच या लेखात मांडायचे आहे.

१

टॉपिकचा जन्म बाजारात झाला नाही, तो कामगार चळवळीत झाला. १९३६ साली लंडनमध्ये वर्कर्स म्युझिक असोसिएशन ही संस्था निघाली. कामगारांची गायकवृंद-मंडळे एकत्र आणणे, त्यांना गाणी पुरवणे, संगीताचे शिक्षण देणे हे तिचे काम. संगीतकार ॲलन बुश हे तिच्या आधारस्तंभांपैकी एक. संस्थेचा कल उघडपणे डावा होता आणि कम्युनिस्ट पक्षाशी तिचे जवळचे नाते होते. १९३९ साली या संस्थेने टॉपिक रेकॉर्ड क्लब सुरू केला. वर्गणी भरणाऱ्या सभासदांना तबकड्या पुरवायच्या, अशी योजना होती. मासिकाचे वर्गणीदार असतात तसे हे तबकडीचे वर्गणीदार.

या व्यवस्थेचे कारण समजून घेतले पाहिजे. त्या काळी ब्रिटनमधील ध्वनिमुद्रणाचा धंदा मुख्यतः दोन बलाढ्य कंपन्यांच्या, ईएमआय आणि डेक्का यांच्या, हातात होता. स्टुडिओ त्यांचे, छपाईचे कारखाने त्यांचे, दुकानांशी बांधलेले व्यवहार त्यांचे. गिरणीतल्या माणसाचे गाणे त्यांना खपाऊ वाटले तर ते निघणार, नाहीतर नाही. आपली नियतकालिके ज्या कारणासाठी निघाली तेच कारण येथेही होते. प्रस्थापितांच्या दारात उभे राहायचे नसेल तर स्वतःचे दार बांधावे लागते, आणि ते वर्गणीदारांच्या चार पैशांवर बांधावे लागते.

सूचीतला पहिला क्रमांक टीआरसी १. एका बाजूला 'इंटरनॅशनल' हे जगभरच्या कामगारांचे गीत, दुसऱ्या बाजूला पॅडी रायन या टोपणनावाच्या गायकाचे एक विनोदी गाणे. त्यात मालक स्वतःच सांगतो की, मी कामगारांच्या बिअरमध्ये पाणी का घालतो. कामगार धडधाकट झाला तर तो डोके वर काढील, म्हणून त्याला अशक्तच ठेवलेला बरा, हा त्या गाण्याचा आशय. पहिल्याच तबकडीवर एका बाजूला घोषणा आणि दुसऱ्या बाजूला टवाळी. आंबेडकरी जलसा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा जोड परका वाटणार नाही. सवालजवाबात पुरोहिताची फजिती करायची आणि शेवटी गंभीर गीताने सभा उठवायची, ही रीत आपल्याकडेही होतीच.

महायुद्धाच्या काळात कच्चा माल मिळेना आणि काम जवळजवळ रेंगाळले. युद्धानंतर आणखी एक अडचण आली. तबकड्यांवर सरकारी खरेदी-कर होता, परंतु शंभराच्या आत प्रती काढल्या तर तो लागत नसे. म्हणून टॉपिकने त्या काळात कित्येक तबकड्यांच्या फक्त नव्व्याण्णव प्रती काढल्या. नव्व्याण्णव! एका कामगार-गीताला संपूर्ण ब्रिटनमध्ये नव्व्याण्णव घरे. ज्यांनी पाचशे प्रतींचे अंक काढून त्यातले दोनशे परत आलेले पाहिले आहेत, त्यांनी हा आकडा हसण्यावारी नेऊ नये.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस टॉपिक मूळ संस्थेपासून वेगळी होऊन स्वतःच्या पायांवर उभी राहिली. जेरी शार्प कारभार पाहत, बिल लीडर मुद्रण करीत. अनेक तबकड्यांच्या वेष्टनावर लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या नॅसिंग्टन रोडचा पत्ता दिसतो. लीडर यांनी पुष्कळसे मुद्रण कॅम्डेन टाउनमधल्या आपल्या राहत्या घरी केले. शार्प १९७२ मध्ये वारले. त्यानंतर टोनी एंगल यांनी धुरा घेतली आणि पुढची कित्येक दशके ती सांभाळली.

२

आता सूची वाचायची कशी ते पाहू. प्रत्येक तबकडीला एक क्रमांक असतो आणि क्रमांकाआधी अक्षरे असतात. टीआरसी म्हणजे रेकॉर्ड क्लबच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या. १०टी म्हणजे दहा इंची, १२टी म्हणजे बारा इंची. टीओपी म्हणजे सात इंची, दोन-चार गाण्यांची लहान तबकडी. १२टीएस म्हणजे बारा इंची, पण दोन वाहिन्यांच्या ध्वनीची. टीएससीडी म्हणजे सीडी. ही अक्षरे ओळीने लावली की ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचा इतिहास आपोआप उभा राहतो. आपल्याला मात्र तंत्रापेक्षा या क्रमांकांपुढच्या नावांकडे पाहायचे आहे, कारण नावांच्या रकान्यातच या संस्थेची खरी वाटचाल आहे.

पहिल्या काळात नावे आहेत ती चळवळीतल्या गायकांची व गायकवृंदांची. पॉल रोबसन यांचे नावही याच काळात येते. अमेरिकन सरकारने १९५० मध्ये या निग्रो गायकाचे पारपत्र काढून घेतले होते. मे १९५७ मध्ये लंडनच्या सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये श्रोते जमले आणि रोबसन न्यूयॉर्कहून, अटलांटिक समुद्राखालून टाकलेल्या टेलिफोनच्या तारेतून, त्यांच्यासाठी गायले. माणूस अडवता आला, आवाज अडवता आला नाही. त्या कार्यक्रमाची तबकडी टॉपिकने काढली.

दुसऱ्या काळात नावे येतात ती उद्योगांतल्या श्रमिकांच्या गाण्यांची. १९५१ च्या ब्रिटन महोत्सवाच्या निमित्ताने राष्ट्रीय कोळसा मंडळाच्या मासिकातून खाणकामगारांना आवाहन केले गेले, की तुमच्या पट्ट्यातली गाणी पाठवा. ती ए. एल. लॉइड यांनी एकत्र केली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. त्याच वाटेवर १९६३ मध्ये टॉपिकची 'द आयर्न म्यूज' ही तबकडी आली, क्रमांक १२टी ८६. विणकर, खाणकामगार, गिरणीतल्या पोरी यांची गाणी तीत एका सूत्रात ओवली होती. लोकगीत म्हणजे हिरवे कुरण आणि मेंढपाळाची बासरी, ही मध्यमवर्गीय समजूत या तबकडीने मोडली. धुराड्याखालीही लोकगीत जन्मते, हे तिने दाखवून दिले.

१२टी १२२ हा क्रमांक मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ही १९६५ ची तबकडी टॉमी आर्मस्ट्राँग (१८४८–१९२०) या डरहॅमच्या खाणकामगार कवीच्या नावावर आहे. १८८२ मध्ये ट्रिमडन ग्रेंजच्या खाणीत स्फोट होऊन अनेक माणसे व मुले मेली. आर्मस्ट्राँगने त्यावर गीत रचले आणि त्याचे पैसे मेलेल्यांच्या विधवा-पोरांना मिळावेत अशी व्यवस्था केली. संपात मालकांनी घराबाहेर काढलेल्या कुटुंबांवरही त्याने गीत रचले. पत्रके छापून विकणारा हा शाहीर. त्याच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी का होईना, सूचीत त्याचे नाव गायकांच्याही वर लागले. येथे 'अनामिक' नाही. येथे खाणीत उतरणारा एक माणूस आहे आणि त्याला पूर्ण नाव आहे.

३

पण सूचीतला सर्वांत बोलका भाग तिसरा. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजी व स्कॉटिश कथागीतांचा प्रचंड संग्रह केला. त्यात ३०५ गीते आहेत. प्रत्येकाला क्रमांक दिला आणि आजही अभ्यासक 'चाइल्ड १३', 'चाइल्ड ८४' अशाच नावांनी ती ओळखतात. चाइल्ड यांनी ही गीते बहुतांशी हस्तलिखितांतून आणि जुन्या छापील पुस्तकांतून घेतली. ती गाणारी माणसे आता उरली नाहीत, असेच पंडितांना वाटत होते.

माणसे उरली होती. पंडित ज्या वस्तीत जात नव्हते तेथे ती राहत होती.

स्कॉटलंडमध्ये ट्रॅव्हलर नावाचे भटके लोक आहेत. कथलाचा मुलामा दिलेली भांडी करणे व दुरुस्त करणे, शिंगांचे चमचे करणे, घोड्यांचा व्यापार, नदीतले मोती शोधणे, सुगीत शेतावर राबणे, ही त्यांची पोट भरण्याची साधने. वाकवलेल्या फांद्यांवर कापड टाकून केलेला तंबू हे त्यांचे घर. गावाने त्यांना 'टिंकर' म्हटले. मूळ अर्थ भांडी सांधणारा, पण तोंडात शिवीसारखा. गावाला त्यांचे काम हवे होते, त्यांचा मुक्काम नको होता. 'उपरा' वाचलेल्या वाचकाला यापुढचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

एडिंबरा विद्यापीठात १९५१ मध्ये स्कॉटिश अभ्यासकेंद्र निघाले. तेथील कवी-संशोधक हॅमिश हेंडरसन १९५३ मध्ये ॲबर्डीन शहरात गाणी शोधत होते. बाजारात बसणाऱ्या भटक्यांनी त्यांना जीनी रॉबर्टसन हे नाव सांगितले. हेंडरसन तिच्या दारी गेले. ती पंचेचाळीस वर्षांची होती. चाइल्डच्या संग्रहात जी गीते कागदावर वाळून पडली होती, ती तिच्या गळ्यात जिवंत होती. आईकडून आलेली, चालीसकट, हुंकारासकट. जी गीते विद्यापीठे मेलेली समजत होती, ती विद्यापीठांच्या पायरीवरही ज्यांना उभे केले गेले नसते त्यांनी जपली होती.

टॉपिकच्या सूचीत १२टी ९६ या क्रमांकासमोर जीनी रॉबर्टसन हे नाव आहे. १२टी १३८ समोर ब्लेअरचे स्ट्युअर्ट कुटुंब, १२टी १७९ समोर पुन्हा स्ट्युअर्ट हे नाव, आणि यावेळी तबकडीच्या शीर्षकातच 'ट्रॅव्हलिंग' हा शब्द. १२टी १८५ समोर जीनीची मुलगी लिझी हिगिन्स. शाळेत भटक्याची पोर म्हणून जिचा छळ झाला आणि जिने मासळीच्या कारखान्यात मासे कापून पोट भरले ती ही लिझी. १२टी १९३ समोर फीबी स्मिथ ही इंग्लंडमधील जिप्सी गायिका. १२टीएस ३०७ समोर बेल स्ट्युअर्ट. हिचा जन्म १९०६ मध्ये टे नदीकाठी तंबूत झाला, तिचे वडील तेथे मोती काढायला आले होते. ब्लेअरगाउरीच्या रास्पबेरीच्या मळ्यांत दर उन्हाळ्यात भटके फळे तोडायला जमत. त्या जगण्यावर तिने स्वतः गीत रचले. १९५५ मध्ये हेंडरसन यांनी त्याच मळ्यांत तंबू-तंबूंतून फिरून गाणी ध्वनिमुद्रित केली.

या नोंदींची एक विसंगती लक्षात घ्या. तबकडीच्या वेष्टनावर गाण्यापुढे कंसात प्राध्यापक चाइल्डचा क्रमांक असे. म्हणजे गाणे ओळखले जाई ते प्राध्यापकाच्या क्रमांकाने. पण वर, मोठ्या अक्षरांत, भटक्या बाईचे नाव असे. दोन सूची एकाच कागदावर समोरासमोर आल्या. एकीने गाण्याला नंबर दिला, दुसरीने गाणारीला नाव दिले. माझ्या मते टॉपिकचे मोठेपण या दुसऱ्या कृतीत आहे.

४

परंतु नाव छापले म्हणजे न्याय झाला का? येथे सावधपणे पाहिले पाहिजे.

एक म्हणजे पैशाचा प्रश्न. स्वामित्वहक्काच्या कायद्यात पारंपरिक गीत कोणाच्याच मालकीचे नसते. पण त्याला कोणी नवे स्वरसंयोजन केले तर त्या संयोजनावर मात्र हक्क निर्माण होतो. म्हणून तबकड्यांवर ठिकठिकाणी 'पारंपरिक, संयोजन : अमुक' अशी अक्षरे दिसतात. या चार शब्दांत वरच्या बाजूचे गाणे कोणाचेच नाही आणि खालच्या बाजूचे पैसे कोणाचे तरी आहेत.

'स्कारबरो फेअर' या गीताचा प्रवास पाहिला की हे ध्यानात येते. १९४७ मध्ये उत्तर इंग्लंडमधील मिडलटन-इन-टीसडेल या गावी शिशाच्या खाणीत आयुष्य घालवलेल्या मार्क अँडरसन या वृद्धाकडून इवान मॅकॉल यांनी ते घेतले. पुढे मॅकॉल आणि पेगी सीगर यांच्या गीतसंग्रहात ते छापले गेले. तेथून मार्टिन कार्थी या तरुण गायकाने ते उचलले आणि गिटारवर त्याचे सुंदर संयोजन केले. लंडनमध्ये त्याच्याकडून ते पॉल सायमन शिकला. १९६६ मध्ये सायमन आणि गारफंकेल यांच्या तबकडीवर ते आले, पुढे चित्रपटात वाजले आणि जगभर गेले. त्या तबकडीवर कर्ते म्हणून नावे होती ती सायमन आणि गारफंकेल यांचीच. कार्थीला ते लागले, आणि लागणे साहजिकच होते. पुढे २००० साली दोघे लंडनच्या रंगमंचावर एकत्र गायले, कडवटपणा मिटला. सगळे चांगले झाले. पण या सगळ्या भांडणात आणि समेटात शिशाच्या खाणीतला म्हातारा कोठे आहे? वाद झाला तो संयोजक आणि प्रसिद्ध गायक यांच्यात. ज्याने गाणे जपून ठेवले त्याचा पक्ष मांडायला कोणी नव्हते. कार्थी पुढे टॉपिकच्या सूचीत मानाने आला. मार्क अँडरसनचे नाव अभ्यासकांच्या टिपांत राहिले.

दुसरा प्रश्न मध्यस्थाचा. १९०३ मध्ये सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज गावी सेसिल शार्प यांनी जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याला गवत कापताना गाताना ऐकले. त्यांनी गाणे टिपून घेतले, त्याला पियानोची साथ बसवली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ते प्रतिष्ठितांच्या बैठकीत सादर झाले. माळ्याच्या गाण्याला काही तासांत नवे कपडे चढले. पुढे शाळाशाळांतून मुलांच्या हाती जी लोकगीतांची पुस्तके गेली त्यांवर नाव शार्प यांचे. १९८५ मध्ये डेव्ह हार्कर यांनी एक ग्रंथ लिहून आरोप केला, की 'लोकगीत' ही वस्तूच संग्राहकांनी आपल्या वर्गाच्या आवडीप्रमाणे घडवली आहे. अश्लील ते गाळले, संपाचे ते गाळले, निसर्गाचे ठेवले. टॉपिकशी संबंधित असलेले लॉइडही या टीकेतून सुटले नाहीत. डाव्या विचारांचे असूनही त्यांनी काही गीतांत स्वतःची भर घातली आणि ती परंपरेच्या नावावर खपवली, हे आता मान्य झाले आहे. सहानुभूतीने लिहिणारा आणि स्वतः भोगलेला यांतला फरक आपल्या साहित्यचर्चेत पुष्कळ वर्षे गाजला. तो प्रश्न गाण्याच्या क्षेत्रातही तितकाच खरा आहे.

तिसरा प्रश्न सन्मान आणि हक्क यांचा. जीनी रॉबर्टसनला १९६८ मध्ये एमबीई हा राजकीय सन्मान मिळाला. बेल स्ट्युअर्टलाही पुढे पदक मिळाले. परंतु ज्या पर्थशर परगण्यात बेल गात होती, त्याच परगण्यातील पिटलॉक्री गावाजवळ भटक्यांना 'स्थिर' करण्यासाठी सरकारी यंत्रणेने जुन्या लष्करी झोपड्यांत डांबल्यासारखे ठेवले होते. वीज नाही, पुरेसा निवारा नाही, आणि मुले काढून घेतली जाण्याचे भय कायम. भटक्यांना जबरीने 'सुधारण्याच्या' या धोरणाला 'टिंकर प्रयोग' असे म्हणतात. या अन्यायाबद्दल स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांनी संसदेत माफी मागितली ती जून २०२५ मध्ये. म्हणजे गाण्याला पदक १९६८ मध्ये मिळाले आणि गाणाऱ्या जमातीला माफी सत्तावन्न वर्षांनी. गळा स्वीकारायचा आणि माणूस बाहेर ठेवायचा, ही युक्ती फक्त आपल्याच देशात आहे असे समजण्याचे कारण नाही. 

५

हे सर्व लक्षात घेऊनही मी टॉपिकच्या सूचीकडे आदराने पाहतो, याचे कारण तिची चिकाटी. फॅशन आली, गेली. तबकडी गेली, कॅसेट आली, सीडी आली, तीही मागे पडली. सूची वाढतच राहिली. १९९८ मध्ये टॉपिकने 'द व्हॉइस ऑफ द पीपल' नावाने वीस सीडींची मालिका काढली. संपादक रेग हॉल. शेतमजूर, कोळी, जिप्सी, खाणकामगार, घरकाम करणाऱ्या बाया यांचे मूळ आवाज विषयवार लावले आणि प्रत्येक गाण्यासोबत गाणाऱ्याचे नाव व माहिती दिली. एक अख्खा खंड जिप्सी व ट्रॅव्हलर लोकांचा, एक अख्खा खंड राबणाऱ्या स्त्री-पुरुषांचा.

वॉल्टर पार्डन हे उदाहरण मला यासाठीच आवडते. नॉरफोकमधील नॅप्टन गावचा हा सुतार. घरात शेतमजूर संघटनेची परंपरा. मामाकडून गाणी शिकला. मामा वारल्यावर, गाणारे कोणी उरले नाही असे पाहून, त्याने सगळी गाणी एका शाळेच्या वहीत लिहून ठेवली आणि चाली विसरू नयेत म्हणून पेटीवर एकट्याने वाजवत राहिला. वर्षानुवर्षे कोणी विचारायला आले नाही. १९७० च्या दशकात त्याचे गाणे बाहेर आले, आणि १९८२ मध्ये टॉपिकच्या सूचीत १२टीएस ३९२ वर त्याचे नाव लागले. त्याने संग्राहकाची वाट पाहिली नाही. स्वतःची सूची त्याने स्वतःच केली होती. टॉपिकने तिला क्रमांक दिला एवढेच.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. अनामिक म्हणजे नाव नसलेला नव्हे. विचारणाऱ्याने वहीत नावासाठी रकानाच आखला नाही, म्हणून तो अनामिक झाला.

आपल्या गाणाऱ्यांना हा धोका फार पूर्वी कळला होता असे मला वाटते. वामनदादा कर्डकांच्या गीताच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. शाहिरांची, संतांची ही जुनी रीत. पण तिचा अर्थ आता मला नव्याने लागतो. ज्याचे गाणे तबकडीविना, छपाईविना, गावोगाव तोंडातोंडी जाणार आहे, त्याने नाव गाण्याच्या आतच विणून ठेवलेले बरे. वेष्टन फाटेल, सूची हरवेल, कडवे राहील. जात्यावरच्या बाईला ही सोय नव्हती. तिची ओवी आईची, मावशीची, शेजारणीची, आणि तिची स्वतःचीही. म्हणूनच हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांत ओव्या गोळा करताना ओवीसोबत बाईचे नाव आणि गाव लिहून ठेवले, ही गोष्ट लाखाहून अधिक ओव्या जमवण्याइतकीच मोठी आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. जयंतीला, लग्नात, अंत्ययात्रेनंतरच्या रात्री आपल्या वस्त्यांत जे गायले जाते ते पोरे मुद्रित करतात आणि पुढे पाठवतात. चार ठिकाणी फिरून आले की ते गाणे 'प्रचलित' होऊन परत येते. नव्व्याण्णव प्रतींची अडचण संपली, नावाची अडचण संपली नाही.

या वर्षी मी वर्गातल्या मुलांना एक साधी वही करायला लावली आहे. रकाने पाच. गाणे, गाणाराचे पूर्ण नाव, गाव, कोणाकडून शिकले, आणि मुद्रणाची तारीख. पहिल्या रकान्याआधी क्रमांक. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने पहिली नोंद तिच्या चुलत आजीची केली. दुसरी नोंद मी केली. गाणारी आता नाही, मुद्रण नाही, गाणेही माझ्या वडिलांना अर्धेच आठवते. म्हणून पहिला रकाना अर्धा आणि शेवटचा रिकामा आहे. नावाचा रकाना मात्र पूर्ण भरला आहे.